बुधाच्या रकान्यात

भाची शाळेसाठी ग्रहांचा तक्ता करत होती. मोठ्या ड्रॉइंग पेपरवर पट्टीनं रेघा मारून आठ ओळी, आणि उभे रकाने चार: ग्रहाचं नाव, रंग, चंद्र किती, हवा कसली. पहिल्याच ओळीच्या शेवटच्या रकान्यात ती अडली. "मामा, बुधावर हवा कसली असते?" मी माझ्या कामात होतो. मान वर न करता म्हणालो, "बुधावर हवा नसते गं. काही नाही." तिनं पेन्सिलीनं, गोल सुबक अक्षरांत तेच उतरवून घेतलं. काही नाही. पुढे शुक्राच्या रकान्यात भरपूर मजकूर आला. पृथ्वीच्या रकान्यात तर शब्द मावेनात, ते रेघ ओलांडून गेले. बुधाचा रकाना तेवढा त्या दोन शब्दांभोवती पांढरा राहिला.

पंधरा-वीस दिवसांनी, रात्री झोपण्याआधी फोन चाळताना एक फोटो समोर आला. कुणा हौशी निरीक्षकानं कॅमेऱ्यापुढे एका विशिष्ट पिवळ्या रंगाचाच उजेड आत सोडणारी काच लावून, संध्याकाळच्या आकाशातल्या बुधाचा फोटो काढला होता. ठिपक्याएवढा बुध, आणि त्याच्यापासून निघून वर चढत गेलेला फिकट पिवळा फराटा. मला आधी तो धूमकेतूच वाटला. खाली लिहिलं होतं: बुधाचं सोडियमचं शेपूट. मी फोटो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला, अंधारात फोनची चमक वाढवून पाहिला. हे शेपूट वीस लाख किलोमीटरांपलीकडेपर्यंत मोजलं गेलेलं आहे, म्हणजे पृथ्वीपासून चंद्र जितका लांब त्याच्या पाचपटीहून जास्त. ज्याच्याकडे काही नाही असं मी लेकराला सांगून मोकळा झालो, त्याच्यामागे हे एवढं काय लांबत गेलं होतं?

फोन बाजूला ठेवला, पण ते दोन शब्द काही बाजूला होईनात.

तसं पाहिलं तर मी खोटंही बोललो नव्हतो. बुधाच्या जमिनीवरचा दाब आपल्या हवेच्या दाबाच्या एक लाख कोटीव्या हिश्शाहूनही कमी आहे. प्रयोगशाळेत पंप लावून जी पोकळी तयार करतात, तीसुद्धा बहुतेक वेळा याहून दाट असते. अख्ख्या ग्रहाभोवतीचं हे सगळं गोळा करून तोललं तर दहा टनांच्या आत भरेल असा अंदाज आहे. एका ट्रकात मावेल एवढं ओझं. हवा म्हटली की आपल्या मनात असते ती दाटी. आपल्या नाकाशी असलेला हवेचा एक रेणू सेकंदाला अब्जावधी वेळा शेजारच्या रेणूंवर आदळतो, आणि त्या धक्काबुक्कीतूनच वारा वाहतो, आवाज पोचतो. बुधावरच्या अणूला शेजारीच नसतो. तो जमिनीवरून उडतो, वर जातो, खाली येतो, आणि या सगळ्या प्रवासात दुसऱ्या अणूशी त्याची गाठ जवळजवळ पडतच नाही. याला वातावरण म्हणायला शास्त्रज्ञही कचरतात. ते एक्झोस्फिअर म्हणतात, आपण बाह्यावरण म्हणू. पृथ्वीवर हा थर सगळ्यात वर, शेकडो किलोमीटर उंचीवर सुरू होतो. बुधावर तो थेट जमिनीला टेकलेला आहे, त्याच्या खाली दुसरं काही नाही. भूगोलात आपण तपांबर, स्थितांबर अशी नावं पाठ केली होती. अंबर म्हणजे आकाश, आणि अंबर म्हणजे वस्त्रसुद्धा. पृथ्वी अशी वस्त्रावर वस्त्र नेसून बसलेली. बुधाच्या अंगावर आहेत ते नुसते सुटे तंतू, आणि तेही उन्हानं त्याच्याच अंगातून उपसून काढलेले.

मला जागं ठेवलं ते मात्र त्या पिवळ्या रंगानं. तो रंग माझ्या ओळखीचा होता. कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्लॅटिनमची तार मिठात बुडवून बर्नरच्या निळ्या ज्योतीत धरली होती, तेव्हा ती ज्योत एकदम पेटल्यासारखी पिवळी झाली होती. इतर धातूंचे रंग शोधावे लागत. कुठे जांभळट छटा, कुठे विटकरी. सोडियमला शोधावं लागत नसे, उलट त्याला हाकलावं लागे. बोटाच्या घामातलं मीठ तारेला लागलं तरी ज्योत पिवळी व्हायची आणि बाकी सगळे रंग झाकून टाकायची. पुढे कित्येक वर्षं रस्त्यावरच्या सोडियमच्या दिव्यांखालून चालताना तोच पिवळा अंगावर पडत राहिला. त्या उजेडात लाल कापड मातकट दिसे, निळं काळं दिसे. एवढा एकसुरी रंग दुसरा नसेल. वर्णपटात पाहिलं तर तो जेमतेम दोन रेघांचा असतो, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या. त्या एकमेकींना इतक्या खेटून असतात की साध्या उपकरणात एकच वाटाव्यात.

हाच रंग सूर्याच्या उजेडात कमी असतो. १८१४ साली फ्राउनहोफरनं सूर्यप्रकाश पसरून पाहिला तेव्हा त्याला त्यात शेकडो काळ्या रेघा दिसल्या, आणि त्यांना त्यानं अक्षरं दिली. त्यातली ‘डी’ नावाची रेघ नेमकी या पिवळ्याच्या जागी होती. तिचा अर्थ लागायला आणखी पंचेचाळीस वर्षं जावी लागली. १८५९ मध्ये किर्कहॉफनं दाखवून दिलं की सूर्याच्याच बाहेरच्या थरांत सोडियम आहे, आणि खालून येणाऱ्या उजेडातला आपला रंग तो वाटेतच गिळून टाकतो. आपल्या अंगावर येणारं ऊन असं एका जागी थोडं कुरतडलेलं असतं. ही गोष्ट मी परीक्षेपुरती पाठ केली होती. तिचा बुधाशी काही संबंध असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

बुधाचं सोडियम सापडलंसुद्धा त्या कुरतडलेल्या जागेतच. १९७४ आणि १९७५ मध्ये मरिनर १० हे यान तीनदा बुधाजवळून गेलं. त्याला हायड्रोजन आणि हीलियम सापडले, ऑक्सिजनच्या खुणा दिसल्या. पण त्याचं उपकरण अतिनील किरणांचं होतं, पिवळा रंग त्याला दिसणारच नव्हता. मग १९८५ मध्ये ड्रू पॉटर आणि टॉमस मॉर्गन यांनी टेक्सासमधल्या मॅकडोनाल्ड वेधशाळेतून बुधावरून परावर्तित होऊन येणारा उजेड तपासला. परावर्तित ऊन म्हणजे सूर्याचाच वर्णपट, त्याच काळ्या रेघा. त्या काळ्या डी रेघांशी त्यांना बारीक, उजळ टोकं उभी राहिलेली दिसली. रेघ जर काळी नसती तर एवढी मंद चमक उन्हात हरवून गेली असती. पुढच्याच वर्षी पोटॅशियम सापडलं, २००० साली कॅल्शियम. यानं पाठवून जे राहून गेलं होतं ते जमिनीवरून, एका काळ्या फटीत डोकावून दिसलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीच्या फटीतून कवडसा पडला होता, आणि त्यात धुळीचे कण तरंगत होते. जुन्या मोजमापात या कणाला त्रसरेणू म्हणत. वजनाची सगळी कोष्टकं कवडशात दिसणाऱ्या त्या एका कणापासून सुरू होत. मी बराच वेळ तिथे बसून राहिलो. कवडशाच्या आतला कण दिसत होता, बाहेर गेला की नाहीसा. खोलीभर धूळ होतीच, पण ‘आहे’ असं म्हणता येत होतं ते उजेडात आलेल्या तेवढ्या कणांबद्दल. फरक एवढाच की माझ्या खोलीत हवा कणाला तोलून धरत होती आणि उजेड नुसता दाखवत होता. बुधावर दाखवणं आणि उचलणं, दोन्ही कामं उजेडाचीच.

एक अणू घेऊन बघू. सोडियमचा एक अणू बुधाच्या जमिनीवर, दगडाच्या चुऱ्याच्या एका कणाला चिकटून बसला आहे. सूर्यापासून निघालेला उजेड बुध जवळ असेल तर अडीच मिनिटांत तिथे पोचतो. वाटेत अडवायला काही नाही, त्यामुळे आपल्यापर्यंत न पोचणारा अतिनील उजेडही जसाच्या तसा जमिनीवर पडतो. त्यातला एक किरण कणाच्या पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉनची जागा हलवतो, चिकटलेपणा क्षणभर सुटतो आणि अणू उडतो. असे अणू सुटायला आणखीही कारणं आहेत. दुपारी जमीन ४३० अंश सेल्सिअसपर्यंत तापते तेव्हा नुसत्या उष्णतेनं काही उठतात, सौरवाऱ्याच्या, म्हणजे सूर्यातून सुटणाऱ्या विद्युतभारित कणांच्या माऱ्यानं काही उडतात, धुळीएवढ्या उल्का सतत आदळून चुरा उकरत असतात. पण सोडियमच्या बाबतीत मोठा वाटा उजेडाचा. उडालेला अणू साधारण शंभर किलोमीटर उंच जातो, आणि सात-आठ मिनिटांत पुन्हा खाली येतो. आला की कुठेतरी टेकतो, परत उडतो. आणि वर असताना दर सेकंदाला अनेकदा तो उन्हातला आपला पिवळा रंग टिपतो आणि लगेच सोडतो, वाटेल त्या दिशेला. ती सोडलेली चमक म्हणजेच आपल्याला दिसलेलं बुधाचं सोडियम.

चमकण्यासाठी तो जो पिवळा टिपतो, तो नेहमी सूर्याकडूनच आलेला असतो. सोडतो मात्र चहूकडे. म्हणून प्रत्येक वेळी त्याला सूर्यापासून दूर, ताशी शंभरेक मीटर वेगाएवढा, एक हलकासा रेटा बसतो. गोगलगायीच्या चालीशी तुलना करावी इतका क्षुल्लक. धूमकेतूंची शेपटं सूर्याच्या विरुद्ध दिशेलाच का असतात याचा विचार करताना केप्लरनं सतराव्या शतकात उजेडाच्या रेट्याचा तर्क केला होता, आणि १९००च्या सुमारास लेबेदेवनं प्रयोगशाळेत हा रेटा मोजून दाखवला. आपल्या अंगावरचं ऊन आपल्याला ढकलत असतं, पण ते जाणवण्याइतके आपण हलके नाही. सोडियमचा एकटा अणू तेवढा हलका आहे. सेकंदाला साठ-सत्तर वेळा हा क्षुल्लक रेटा बसला की त्याची बेरीज बुधाच्या ओढीच्या निम्म्याच्याही थोडी वर जाते. एकीकडे अख्खा ग्रह खाली ओढतोय, दुसरीकडे ऊन ढकलतंय, आणि मधे एक अणू. दिवसाच्या बाजूला उडालेल्या अणूंमधले काही या रेट्यानं वळसा घालून रात्रीच्या बाजूला जातात, आणि ज्यांची उडी आधीच मोठी असते ते कायमचे निघतात. शेपूट होतं ते त्यांचं.

आपल्याला दिसणारी एकेक चमक म्हणजे त्या अणूला बसलेला एकेक धक्का.

हे कळल्यावर मी साहजिकच असं धरून चाललो की बुध सूर्याच्या जितका जवळ, तितका धक्का मोठा. त्याची कक्षा लांबट आहे. उपसूर्य स्थितीत तो सूर्यापासून ४ कोटी ६० लाख किलोमीटरवर असतो आणि अपसूर्य स्थितीत जवळपास ७ कोटींवर. जवळ असताना ऊन दुपटीहून जास्त कडक. तेव्हा शेपूट सगळ्यात मोठं असणार, असं मला वाटलं. तर तसं होत नाही. आणि कारण ती कुरतडलेली जागा. उपसूर्याला बुध सूर्यापासून ना लांब जात असतो ना जवळ येत असतो, तो नुसता आडवा पुढे सरकत असतो. मग त्याच्या सोडियमला सूर्याचा उजेड जसाच्या तसा भेटतो, आणि सोडियमला हव्या त्या नेमक्या रंगाच्या जागी तिथे काळी रेघ असते. त्याचा घास सूर्यावरच्या सोडियमनं आधीच खाल्लेला असतो. ऊन सगळ्यात प्रखर, आणि त्यातला याच्या वाट्याचा पिवळा मात्र जवळजवळ गायब. अपसूर्यालाही तीच गत. मधल्या वाटेवर, बुध सेकंदाला दहा किलोमीटरपर्यंत वेगानं सूर्याकडे येत किंवा सूर्यापासून दूर जात असतो, तेव्हा डॉप्लर परिणामानं त्याला भेटणाऱ्या उजेडाचे रंग जरासे सरकतात. काळी रेघ बाजूला होते, शेजारचा भरलेला पिवळा त्या जागी येतो. गुरुत्वाच्या जेमतेम विसाव्या हिश्शाइतका असलेला रेटा निम्म्याच्या पुढे जातो तो तेव्हा. उपसूर्याच्या आधी आणि नंतर सोळा-एक दिवसांवर शेपटाचा फोटो काढायची वेळ निरीक्षक साधतात, ती यामुळे.

या एका गोष्टीपाशी मी कितीतरी दिवस थांबून होतो. खरं सांगायचं तर अजूनही थांबलोय. सूर्यावर सोडियम आहे, बुधावर सोडियम आहे, आणि दोघांमध्ये कोट्यवधी किलोमीटरची पोकळी. तरी सूर्यावरच्या सोडियमनं आपल्यापुरतं जे राखून ठेवलं त्याची उणीव बुधावरच्या सोडियमला वर्षातून दोनदा जाणवते. आणि बुधाचं वर्ष ते किती, आपल्या ८८ दिवसांचं. त्याचं शेपूट वर्षातून दोनदा वाढतं, दोनदा ओसरतं, भरती-ओहोटीसारखं.

वर गेलेल्या सगळ्यांना परत येणं किंवा निघून जाणं एवढेच पर्याय नसतात. ज्या उन्हानं अणूला उचललं आणि दाखवलं, त्याच उन्हातला अतिनील किरण काही तासांत केव्हातरी त्याचा इलेक्ट्रॉन काढून घेतो. मग तो आयन होतो, पिवळा चमकेनासा होतो, आणि सौरवारा व बुधाचं चुंबकीय क्षेत्र त्याला आपल्याबरोबर ओढत नेतं. म्हणजे हे आवरण काही तासांच्या वायद्यावरचं आहे. आज आहे ते कालचं नव्हे. रोज नव्यानं उचलावं लागतं म्हणून ते आहे, आणि उचलणारा हात थांबला तर काही तासांत सगळं खाली बसेल.

मेसेंजर हे यान मार्च २०११ पासून ३० एप्रिल २०१५ पर्यंत बुधाभोवती फिरलं आणि शेवटी इंधन संपल्यावर त्याच्यावरच आदळलं. बुधाच्या हिशेबानं सतरा वर्षं ते तिथे होतं. या काळात सोडियमची चढउतार वर्षागणिक जवळपास तशीच होताना त्याला दिसली. त्यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सकाळची. बुध दोन प्रदक्षिणांमध्ये स्वतःभोवती बरोबर तीनदा फिरतो, त्यामुळे उपसूर्याच्या वेळी माध्यान्ह येते ती नेहमी दोनच ठरलेल्या जागी, आलटून पालटून. त्या दोन जागांच्या अधल्यामधल्या पट्ट्यांवर तुलनेनं कमी ऊन पडतं. त्यांना शीत ध्रुव म्हणतात, जरी ते विषुववृत्तावर असले तरी. या पट्ट्यांवर सूर्योदयही विलक्षण होतो. उपसूर्याच्या आसपास बुध कक्षेत इतका वेगानं जातो की त्याचं स्वतःभोवती फिरणं मागे पडतं, आणि आकाशात सूर्य काही दिवस उलटा सरकतो. तिथे उभं राहून पाहिलं तर सूर्य क्षितिजावर डोकं काढील, थबकेल, पुन्हा खाली जाईल आणि मग परत उगवेल. नेमक्या याच पट्ट्यांवर सोडियम साठतं, असं मेसेंजरच्या नोंदींवरून दिसतं. रात्री उणे १८० अंशांपर्यंत गारठलेल्या दगडांना भरकटत आलेले अणू चिकटून राहतात, आणि हा पट्टा सकाळच्या बाजूनं उन्हात आला की तिथून सोडियमचा लोट उठतो. आपल्याकडे ऊन वर आलं की दवाची वाफ होते ना, ते चित्र मला आठवतं. फक्त इथे पाण्याच्या जागी धातू.

कॅल्शियमचं वागणं निराळं आहे, ते पहाटेच्या बाजूला जास्त, फार जोरात उडालेलं, आणि एन्के धूमकेतूची धूळ जिथे बुधाच्या वाटेत येते त्या सुमारास वाढतं असं दिसलंय. तो उजेडाचा प्रांत नव्हे, आदळण्याचा. तिकडे मी फार वळत नाही. पण उजेड जिथे मुळीच पोचत नाही अशा जागाही बुधावर आहेत. त्याचा आस जवळजवळ सरळ उभा आहे, म्हणून ध्रुवांजवळच्या खोल विवरांच्या तळाशी कधीच ऊन पडत नाही, आणि तिथे बर्फ आहे. १९९१ मध्ये रडारला तो प्रथम जाणवला, मेसेंजरनं त्याला दुजोरा दिला. शिसं वितळेल इतक्या तापलेल्या जमिनीच्या ग्रहावर पाण्याचा बर्फ, केवळ त्याच्यावर कुणाची नजर पडली नाही म्हणून टिकलेला. आता युरोप आणि जपानचं बेपीकोलंबो, २०१८ साली निघालेलं, तिकडे चाललंय. त्याच्या जपानी यानावर खास सोडियमची चमक टिपणारा कॅमेरा आहे. त्याच्या पहिल्या चित्रांची मी वाट पाहतोय.

मधे एकदा बुध संध्याकाळी दिसायचे दिवस आले. तो सूर्यापासून २८ अंशांच्या पलीकडे कधी जात नाही, म्हणून सूर्य मावळल्यावर जेमतेम अर्धा-पाऊण तास हाताशी असतो. भाचीला घेऊन गच्चीवर गेलो. क्षितिजाशी तांबूस धुरकटपणा होता. आधी काही दिसेना. मग तिलाच दिसला. बोट दाखवून म्हणाली, "तो?" तोच होता, न लुकलुकणारा, किंचित गुलाबी. साध्या डोळ्यांना शेपूट दिसत नाही हे मला माहीत होतं. पण सूर्य क्षितिजाखाली कुठे आहे तेही माहीत होतं, त्यामुळे शेपूट कुठे असणार ते सांगता येत होतं: सूर्याच्या विरुद्ध, म्हणजे सरळ वर, आमच्याकडे तोंड करून चढत गेलेलं. मी हवेत बोटानं रेघ ओढून दाखवली. ती त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली.

"पण तू तर म्हणाला होतास तिथे हवा नाही."

खाली येऊन मी तिला सगळं सांगितलं. ऊन दगडातून अणू कसं उपसतं, कसं ढकलतं, कसं दाखवतं. मध्येच तिनं विचारलं, "आणि रात्री?" म्हटलं, रात्रीच्या बाजूला जे पडतात ते गार दगडांना चिकटून राहतात. "मग सकाळी?" सकाळी परत उठतात. तिला हे पटलं असावं, कारण तिनं मान डोलावली आणि कपाटामागून गुंडाळलेला तक्ता काढून आणला. तो शाळेतून तपासून परत आला होता. बुधाच्या रकान्यापुढे बरोबरची खूण होती. "काय लिहू मग?" मी नावं सांगायला लागलो, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, हायड्रोजन, हीलियम. ती म्हणाली, एवढं मावणार नाही. आणि हवा आहे की नाही ते एका शब्दात सांग. मला एका शब्दात सांगता येईना. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं खोडरबर घेतलं, दुसऱ्या शब्दावर हलक्या हातानं फिरवलं, आणि कागदावरचा चुरा फुंकून उडवला.

रकान्यात ‘काही’ एवढंच राहिलं.